सायकलने ऑफिसला

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जायचे. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते उगाच नव्हे. मीही कोथरूडहून शिवाजीनगरच्या ऑफिसात सायकलनेच जातो. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. कर्वे रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या असतात, तेव्हा मी प्रभात रस्त्याच्या सावलीतून पुढे निघालेला असतो.

लोक विचारतात, गुडघे दुखत नाहीत का? बहुतेकदा दोष सीटच्या उंचीचा असतो. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर गुडघा दुमडलेलाच राहतो आणि सगळा ताण त्याच्यावर येतो. टायरमध्ये किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो. कमी हवेची सायकल ओढावी लागते. पावसाळ्यात चेन फडक्याने पुसून कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायचा आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं, नाहीतर त्यावर चिखल बसतो. घामाचं म्हणाल, तर दप्तर पाठीवर न घेता कॅरियरला बांधा. निम्मा प्रश्न सुटतो.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. काही रस्त्यांवर ट्रॅक झालेही. पण त्यांवर दुचाक्या लावलेल्या असतात, मग सायकलवाल्याला बसच्या शेजारी उतरावं लागतं. तेवढी एक गाडी ट्रॅकवर लावू नका, एवढीच विनंती.