आधी मागची वही, मग पुढची धाव



भरतीची तयारी करणाऱ्या पोरी म्हणतात, "ताई, रोज पळतेय, तरी वेळ काही कमी होत नाही." सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका म्हणतात, "सहा महिने झाले, दम अजून लागतोच." यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं, 'अजून कर.' आज आम्ही थोडं वेगळं सांगणार आहोत. अजून करण्याआधी मागं काय केलं, ते नीट बघा.

हे शहाणपण आम्हाला चूक करून आलं. आम्ही काही बायका पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर जमतो. पोलीस भरतीच्या मुली आमच्या सोबतीनं पळतात. गेल्या खेपेला त्यातली एक मुलगी ग्राउंडला मागं राहिली. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. लेखी परीक्षेपर्यंत जायला निदान निम्मे गुण लागतात. तिला २१ पडले. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. आणि आम्ही तिला काय म्हणालो? "जिद्द कमी पडली."

सुदैवानं ती रोज वहीत लिहायची. एका रविवारी आम्ही ती वही उघडून बसलो आणि आमचीच मान खाली गेली.

बारा आठवड्यांची नोंद होती. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ७२ दिवस. त्यातले ६१ दिवस पळणं आणि गोळाफेक फक्त ७ दिवस! मैदानावर गोळा एकच, तोही मुलांच्या हातात. मागायला संकोच वाटायचा. म्हणजे ५० पैकी १५ गुणांची तयारी झालीच नव्हती, आणि त्यात तिला ३ गुण मिळाले होते. यात जिद्दीचा काय संबंध?

दुसरी गोष्ट पळण्याची. आमच्या मैदानाची फेरी २०० मीटरची, म्हणजे ८०० मीटरला चार फेऱ्या. तिनं प्रत्येक फेरीचे सेकंद लिहिले होते. ४४, ५२, ५८, ६१. एकूण ३ मिनिटं ३५ सेकंद. पहिल्या फेरीत सगळा जोर संपायचा आणि उरलेल्या तीन फेऱ्या ती कशीबशी ओढायची.

तिसरी गोष्ट, रोज पूर्ण जोरात पळणं. हलका दिवस एकही नाही. नवव्या आठवड्यापासून 'नडगी दुखते' असं पाच वेळा लिहिलेलं. मैत्रिणींनो, ताकद पळताना वाढत नाही. पळताना शरीर झिजतं, आणि झोपेत, विश्रांतीत, पोटभर जेवणात ते भरून येतं. भरून यायला वेळच दिला नाही तर नुसती झीज होत राहते.

मग आम्ही सगळं एकदम बदललं का? नाही. सगळं एकदम बदललं तर गुण कशानं आला ते कळत नाही. आधी फक्त फेऱ्यांचा वेग सारखा ठेवायचा, एवढंच ठरवलं. तीन आठवड्यांनी तिच्या फेऱ्या होत्या ५०, ५२, ५३, ५४. एकूण ३ मिनिटं २९ सेकंद. एक पाऊलही जास्त न पळता सहा सेकंद वाचले. मग दोन दिवस हलके केले. त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार गोळ्याचे ठरवले. वर्गणी काढून ४ किलोचा गोळा घेतला. गोळा चेंडूसारखा फेकायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो, हेही तेव्हा नीट शिकून घेतलं.

सहा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर आठवा. आधी मॅरेथॉन पळायच्या, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. २०१५ साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्यांची वेळ ९ मिनिटं २७.८६ सेकंद होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांवर आली आणि त्या अंतिम फेरीत पळल्या. वर्षभरात साधारण आठ सेकंद! एवढी बारीक प्रगती नुसत्या आठवणीत सापडत नाही. आठवण म्हणते, 'खूप केलं.' वही सांगते, किती आणि काय केलं.

तर वहीत काय लिहायचं? तारीख, काय केलं, किती वेळ लागला, किती झोप झाली, काय खाल्लं, कुठं दुखलं. पाळीचे दिवसही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणाला त्या दिवसांत थकवा येतो, कुणाला येत नाही. आपलं आपल्याला कळलं की बेत तसा आखता येतो. मात्र व्यायाम वाढल्यावर पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरांना भेटा. पोटाला कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. सारखा दम लागत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. नुसतं पळणं वाढवून ते भरून येत नाही.

महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा आणि तीन प्रश्न विचारा. ठरवलं होतं त्यातलं किती झालं? काय राहिलं आणि का राहिलं? पुढच्या महिन्यात कुठली एकच गोष्ट बदलायची? 'का राहिलं' याचं उत्तर खरं लिहा. पाणी भरायचं होतं, सासूबाई आजारी होत्या, खुरपणी होती. ही कारणं म्हणजे आळस नव्हे. पण ती लिहिली तर वेळ कुठून काढायचा ते घरच्यांशी बोलता येतं. फिरणाऱ्या, सूर्यनमस्कार घालणाऱ्या, बाळंतपणानंतर पुन्हा व्यायामाला लागलेल्या, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

आमच्या त्या मुलीची पुढची भरती अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण वही आईवडिलांपुढे ठेवून तिनं एक वर्ष मागून घेतलं. आता तिला जिद्दीचे धडे आम्ही देत नाही. रविवारी तिच्याशेजारी बसून वही वाचतो.

तुमच्या घरात मुलांची अर्धी कोरी राहिलेली एखादी वही असेलच. आज रात्री तिच्यावर तारीख घाला.