नॉझल-अवरोध, तेल शुद्धीकरण कारखान्यातील

खनिज तेलाच्या शुद्धीकरणात नळातील प्रवाहात पाणी वा रसायने फवारण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या नॉझलचे छिद्र घन पदार्थ साचून अंशतः वा पूर्णतः बंद होणे, यास नॉझल-अवरोध म्हणतात. बाब लहानशी असली, तरी फवारा असमान पडल्यास संरक्षणासाठी योजलेली प्रक्रियाच निष्फळ ठरते.

कच्च्या तेलातील खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे असतात. तेल तापविले असता त्यांच्यापासून हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो व ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावरून बाष्पाबरोबर बाहेर पडतो. बाष्प निवून पाण्याचे पहिले थेंब जमतात तेथे तो विरघळून तीव्र अम्ल बनते व पोलाद गंजते. म्हणून बाष्पनळात अमोनिया किंवा अमाइने, धातूवर पातळ थर धरणारी संक्षारणरोधके आणि धुण्याचे पाणी सोडतात. अम्लाच्या उदासिनीकरणातून निर्माण होणारे अमोनियम क्लोराइड पाण्याने धुऊन न गेल्यास नळ्यांत साचते व त्याखालील धातूला खड्डे पडतात. सोडलेल्या पाण्यापैकी सु. एकचतुर्थांश पाणी बाष्पीभवनानंतरही द्रवरूपात उरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

कारणे : पाण्यातील गंज व गाळ आणि दुष्फेन पाण्यातील क्षार ही अवरोधाची नेहमीची कारणे होत. पाण्यात ऑक्सिजन असल्यास हायड्रोजन सल्फाइडाशी विक्रिया होऊन गंधकाचे कण बनू शकतात. संक्षारणरोधक फार संहत असल्यास उष्ण बाष्पात त्यातील विद्रावक उडून जातो व चिकट अवशेष उरतो. पंप थांबल्यावर बाष्प नॉझलमध्ये उलट शिरले, तर लवणे छिद्रातच जमतात. परस्परांशी न जुळणारी रसायने एकाच नळातून सोडल्यानेही साका तयार होतो.

प्रतिबंध : नॉझलच्या अलीकडे गाळणी बसवितात. तिची छिद्रे नॉझलमधील सर्वांत अरुंद मार्गापेक्षा पुष्कळ लहान असावी लागतात. दोन गाळण्या समांतर जोडल्यास एक साफ करताना दुसरी चालू ठेवता येते. खनिजरहित व ऑक्सिजनमुक्त पाणी, रसायनाचे योग्य विरलन, उलट प्रवाह रोखणारी एकदिश झडप आणि रुंद मार्गाचे, गंजरोधी मिश्रधातूचे नॉझल हे अन्य उपाय होत. कारखाना चालू असताना बाहेर काढता येईल, अशा नळीवर नॉझल बसविल्यास तपासणी सुकर होते.

दाब व प्रवाह यांच्या नोंदींवरून अवरोध वेळीच ओळखता येतो. नॉझलमधील प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दाबफरक चौपट केल्यास प्रवाह दुप्पट होतो. दाबफरक तोच असून प्रवाह घटला, तर छिद्र तुंबले आहे, व प्रवाह वाढला, तर ते झिजले आहे, असे समजावे. पंपाचा दाब वाढवून घटलेला प्रवाह भरून काढणे हा उपाय नव्हे. त्यामुळे एकूण पाणी पुरेसे दिसले, तरी फवाऱ्याचा आकार बिघडलेलाच राहतो व पाण्याची धार नळाच्या एकाच बाजूवर आदळते.

पाणी नीट न विखुरल्यास काय घडू शकते, हे इंग्लंडमधील हंबर तेल शुद्धीकरण कारखान्यात १६ एप्रिल २००१ रोजी दिसून आले. तेथे वायुनळात पाणी सोडण्याच्या ठिकाणी फवारा विखुरणारे साधनच नव्हते. त्या जागेलगतच्या वळणाची भिंत संक्षारण व झीज यांनी पातळ होऊन फुटली आणि मोठा स्फोट व आग झाली. यास्तव नॉझलबरोबरच त्याच्या पुढील नळाची जाडीही ठराविक काळाने मोजणे आवश्यक असते.