दिवाणखान्यातील ध्वनीचा कारभारी

आमच्या घरी आत्या मुक्कामास असल्या म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर एखादा चित्रपट लावण्याचा प्रघात आहे, आणि पडद्यावरील पात्र दोन वाक्ये बोलले की शेजारी बसलेल्याकडे वळून “काय रे म्हणाला तो?” असे विचारण्याचा त्यांचाही प्रघात आहे. प्रारंभी हा सर्व दोष आम्ही त्यांच्या ऐंशी वर्षांच्या कानांवर घालून मोकळे झालो होतो. परंतु एके दिवशी माझ्या ध्यानात आले की, वाक्याचा शेवट माझ्याही कानातून निसटतो आणि तो मी केवळ अंदाजाने जुळवून घेतो. तेव्हा दूरचित्रवाणीचा संच भिंतीपासून पुढे ओढून पाहिला, तो कारण समोरच दिसले: दोन बोटांएवढ्या जाडीच्या त्या संचात स्पीकरला जागाच उरलेली नव्हती, म्हणून ते तळाशी, जमिनीकडे तोंड करून बसविलेले होते. जो शब्द थेट श्रोत्याकडे यावयाचा, तो आधी लाकडी टेबलावर आणि मग भिंतीवर आपटून, आपली व्यंजने वाटेत सांडत सांडत कानापाशी येत होता. गेल्या वीस वर्षांत चित्राची चौकट वाढत गेली, आणि ज्या कपाटवजा खोक्यात पूर्वीचा आवाज घुमत असे ते खोके मात्र नाहीसे झाले.

या दुखण्यावर जे औषध आहे त्यास ‘होम थिएटर’ म्हणतात, आणि त्या सगळ्या सरंजामाच्या मध्यभागी जे अवजड, काळे, पाठीवर पुष्कळशा खोबण्या असलेले यंत्र असते, ते म्हणजे रिसीव्हर. ते विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ वॅटांचे आकडे, चॅनेलांची संख्या आणि खोक्यावर छापलेली नाना चिन्हे यांच्या भाऊगर्दीत सापडतो, आणि बहुधा ज्याचा आकडा मोठा ते यंत्र उचलून घरी येतो. माझे मत असे आहे की, या साऱ्या गुणांची परीक्षा एकाच कसोटीवर करावी: उच्चारलेला शब्द, आवाज न चढविता, खोलीतील सर्वांत दुर्बळ कानापर्यंत स्पष्ट पोचतो की नाही. स्फोट आणि गडगडाट बहुतेक यंत्रे करून दाखवितात. शब्द पोचविण्यास मात्र यंत्र, स्पीकर आणि खोली या तिघांचे एकमत व्हावे लागते.

‘रिसीव्हर’ हे नाव रेडिओच्या काळातील आहे. आकाशातील लहरी ग्रहण करणारा भाग आणि त्या क्षीण संकेतास स्पीकर हलविण्याइतके बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही एकाच पेटीत घालण्याची कल्पना गेल्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. हार्मन कार्डनने १९५४ साली काढलेले ‘फेस्टिव्हल’ हे तसल्या आरंभीच्या यंत्रांपैकी एक. आज त्यातील रेडिओ कोपऱ्यातल्या पाहुण्यासारखा उरला आहे. आताचे यंत्र जे काम करते, त्यास सरकारी कचेरीतील बारनिशीची उपमा मला फार समर्पक वाटते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद जसा तेथे नोंदला जाऊन ज्याच्या त्याच्या टेबलाकडे रवाना होतो, तसा चित्रपटाबरोबर आलेला ध्वनी येथे उलगडला जातो. संवाद मधल्या स्पीकरकडे, संगीत डाव्या-उजव्याकडे, पाऊस आणि वारा मागच्यांकडे, आणि छातीत जाणवणारा खर्ज सबवूफरकडे, अशी त्याची वाटणी होते, आणि मग प्रत्येकास लागेल तेवढी शक्ती दिली जाते.

ही वाटणी आपल्या प्रेक्षकांनी प्रथम चित्रपटगृहातच अनुभवली. १९७५ साली ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह मुंबईच्या मिनर्व्हात लागला, तेव्हा ज्यांनी तो पाहिला त्यांच्यापैकी कित्येकांना चित्राइतकाच त्यातील आवाज आजही आठवतो. पुढे १९९२ साली डॉल्बी डिजिटल आणि १९९३ साली ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस अशा दोन पद्धती आल्या, आणि २०१२ साली आलेल्या अ‍ॅटमॉसने छताकडूनही ध्वनी आणला. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रे डॉल्बी हे अमेरिकन संशोधक केंब्रिजमधील अध्ययनानंतर युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि येथून परतल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले कार्य म्हणजे ध्वनिफितीवरील खरखर नाहीशी करणे. ज्या माणसाने शांततेतील मळ धुऊन काढण्यास आपली बुद्धी वेचली, त्याचेच नाव आपल्या महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या कानठळ्या बसविणाऱ्या भिंतींस पडावे, याची मला मनापासून खंत वाटते.

आता निवडीकडे वळू. यंत्राच्या आधी खोली पाहावी. रिकाम्या दिवाणखान्यात मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी; टाळीमागे झणझणीत शेपटी ऐकू आली, तर फरशी, काच आणि गिलावा यांच्यामध्ये ध्वनी अजून धावतो आहे असे समजावे. आपल्याकडील घरांतून गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांचेच राज्य असल्यामुळे ही शेपटी बहुधा ऐकू येतेच. आणि तीच पुढच्या अक्षरावर चढून शब्द गढूळ करते. जाड सतरंजी, खिडकीवर घडीदार पडदे आणि एका भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्याने जे साधते, ते यंत्रावर आणखी वीस हजार रुपये खर्चूनही साधेलच असे नाही.

खोलीवरूनच चॅनेलांची संख्या ठरते. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, ७.१ मध्ये मागच्या बाजूस आणखी दोन; आणि ५.१.२ असे तीन आकडे असले तर शेवटचा आकडा वरून येणाऱ्या ध्वनीच्या स्पीकरांचा. ज्या घरात कोच मागच्या भिंतीला टेकलेला आहे, आणि दहा बाय चौदाच्या दिवाणखान्यात तो अन्यत्र ठेवताच येत नाही, तेथे मागचे दोन स्पीकर भिंतीत का बसवावयाचे? तेथे पाचच नीट मांडावेत: मधला पडद्याच्या खाली, कानाच्या रोखाने किंचित वर वळविलेला, डावा-उजवा प्रत्येकी मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर, आणि बाजूचे दोन श्रोत्याच्या कानांच्या जरा मागे, ११० अंशांच्या आसपास. सात चॅनेलांचे यंत्र घेतलेच असेल, तर उरलेले दोन वरच्या ध्वनीकडे लावावेत. आपल्या घरांचे सपाट स्लॅब येथे उपयोगी पडतात, कारण छताकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा ध्वनी त्यांवरून परावर्तित होऊन खाली येतो.

वॅटांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ग्राहकाची सर्वांत मोठी दिशाभूल येथे होते. खोक्यावर ठळक अक्षरांत १५० वॅट असे छापलेले असते. परंतु माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात पाहिले, तर तो आकडा एकच चॅनेल चालू असताना, एकाच स्वराच्या, म्हणजे १००० हर्ट्‌झच्या कंपनाला, ६ ओहमच्या भारावर आणि ध्वनी बराच विकृत होऊ देऊन मोजलेला आढळतो. त्याच यंत्राचा दुसरा आकडा, २० ते २०,००० हर्ट्‌झ, ८ ओहम, दोन चॅनेल एकदम चालू आणि विकृती एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, असा दिला असेल, तर तो कदाचित ८० वॅट असतो. हाच आकडा खरा मानावा, आणि दोन यंत्रांची तुलना करावयाची तर याच आकड्याची करावी. सातही चॅनेल एकाच वीजपुरवठ्यावर पोसले जात असल्यामुळे सर्वांवर एकदम भार आला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास याहूनही कमी येते.

पण मुळात लागतात किती वॅट? ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा साधारण स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ८८ डेसिबल ध्वनी देतो. तीन मीटरवरच्या कोचापर्यंत तो येईस्तोवर सुमारे ८० डेसिबल उरतो. घरगुती संभाषण ६० ते ६५ डेसिबलांचे असते, म्हणजे आत्यांना न कळणारा तो संवाद पोचविण्यास एका वॅटचा अल्पांशही पुरेसा आहे. शक्ती दुप्पट केली तर ध्वनी केवळ ३ डेसिबलांनी वाढतो, आणि तो कानास दुप्पट भासण्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणून ८० वॅटांचे यंत्र सोडून १०० वॅटांचे घेणारा गृहस्थ जेमतेम एक डेसिबल विकत घेतो, जो त्याच्या कानास बहुधा कळणारही नाही. शक्तीचा साठा लागतो तो वादळ आणि रणवाद्ये यांच्या क्षणिक उंचीसाठी, आणि त्यातला जड वाटा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर उचलतो. मात्र ४ ओहमचे स्पीकर घेतले असतील, तर रिसीव्हरच्या पाठीवर तेवढा भार सोसण्याची अनुज्ञा छापलेली आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

खोबण्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. एचडीएमआय खोबण्या आजच्या गरजेपेक्षा एकदोन अधिक असाव्यात, आणि दूरचित्रवाणीकडे जाणाऱ्या खोबणीवर ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असावे. म्हणजे संचातच लावलेल्या चित्रपटाचा संपूर्ण ध्वनी त्याच तारेने उलट रिसीव्हरकडे येतो. मुलांच्या खेळाच्या यंत्रासाठी अधिक वेगाची खोबणी लागत असेल, तर ते यंत्र सरळ संचाला जोडून ध्वनी तेवढा परत आणावा. त्यासाठी महागडा रिसीव्हर घेण्याची आवश्यकता नाही.

ज्या गुणासाठी मी हात सैल सोडीन, तो म्हणजे खोलीचे मोजमाप करून ध्वनी दुरुस्त करण्याची यंत्राची शक्ती. डेनॉन आणि मरांट्झमध्ये तिचे नाव ऑडिसी, यामाहात वायपाओ, आणि काही यंत्रांत डिराक असे आहे. सोबत मिळालेला छोटा मायक्रोफोन बसल्या जागी कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र एकेका स्पीकरमधून विशिष्ट नाद सोडते, आणि त्याच्या परतीवरून अंतर, पातळी आणि खोलीने केलेला बिघाड यांची नोंद घेते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो, म्हणजे एक फूट जाण्यास त्यास जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. हा हिशेब ठेवून जवळच्या स्पीकरला यंत्र किंचित थांबवून धरते, जेणेकरून सर्वांचा ध्वनी एकाच क्षणी कानाशी यावा. सबवूफरचे अंतर त्याने प्रत्यक्षाहून अधिक सांगितले तर ते चुकीचे समजून बदलू नये, कारण सबवूफरच्या अंतर्गत विलंबाचीही गणना त्यात झालेली असते. मोजमापानंतर लहान स्पीकरांस ८० हर्ट्‌झखालचे काम देऊ नये. तो खर्ज सबवूफरकडे वळवावा, म्हणजे मधला स्पीकर शब्दांसाठी मोकळा राहतो.

अमेरिकेतील आप्तेष्टांकडून स्वस्तात यंत्र मागविण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो. तेथील यंत्र १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची. चुकून थेट जोडले तर क्षणात जळते, आणि मध्ये बसवावयाचा ट्रान्सफॉर्मर, शिवाय येथे न चालणारी वॉरंटी, यांचा विचार केल्यास त्या बचतीत फारसे काही उरत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यंत्र घेताना हीच दोन कलमे, व्होल्टेज आणि भारतातील वॉरंटीचा कागद, आधी तपासावीत.

आमचे यंत्र आले तेव्हा ते काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये बसवावे असा घरातला आग्रह होता. परंतु हे यंत्र चांगलेच तापते, आणि त्याच्या डोक्यावर वीतभर मोकळी हवा लागते, म्हणून ते उघड्या फळीवर ठेवले. तारा जोडावयास मीच बसलो. तांब्याच्या बारीक तंतूंची ती तार अर्धा इंच सोलली, तंतू अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पिळून एकजीव केले, आणि लाल टोक लाल खोबणीत, काळे काळ्यात, असे दहा वेळा केले. एका ठिकाणी एक तंतू सुटून शेजारच्या खोबणीला टेकला होता, तो दिव्याच्या उजेडात दिसला म्हणून बरे, नाहीतर यंत्राने स्वतःस बंद करून घेतले असते. मोजमापासाठी दुपारची वेळ निवडली, पंखा बंद केला, आणि कुकर उतरेपर्यंत थांबलो. मायक्रोफोन प्रथम ठेवला तो कोचाच्या मध्यावर नव्हे, तर खिडकीजवळच्या आत्यांच्या वेताच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर. शेवटी मधल्या स्पीकरची पातळी दोन डेसिबलांनी वर घेतली.

त्या रात्री चित्रपट अर्ध्यावर आला असेल. नायिकेची आई खालच्या पट्टीत काही सांगत होती, आणि आत्या पुढे वाकून ऐकत होत्या. एकाएकी हात वर करून त्या म्हणाल्या, “अरे, तो पंखा कमी कर जरा. त्याचा फार आवाज येतोय.”