पगारवाढ सगळ्यांची, धूर एकट्याचा

बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की कोंडसकोपच्या माळावर तंबू पडतात. अंगणवाडी सेविका, शिक्षक, ऊस उत्पादक, कंत्राटी कामगार, ज्याला ज्याला सरकारकडे काही मागायचं असेल तो तिथे येऊन बसतो. अग्निशमन दलाचे जवान अधिवेशनाला असतात ते बंदोबस्ताला, बंब घेऊन. गणवेश अंगावर असताना तंबूत जाऊन बसणं सोपं नाही.

कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे. 1964 च्या कायद्याने ते उभं राहिलं, 5 नोव्हेंबर 1965 पासून कामाला लागलं आणि आज ते गृह खात्याखाली आहे. सीमेवरच्या निपाणीहून वीस-बावीस किलोमीटरवर महाराष्ट्रातलं कागल. तिथे बंब नगरपरिषदेचा, पुढे कोल्हापुरात महापालिकेचा. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन नगरपालिकांच्या कामांत आहे. महाराष्ट्राने ती वाट धरली, कर्नाटकाने नाही. त्यामुळे कोल्हापूरचा फायरमन आपलं गाऱ्हाणं पालिका कामगारांच्या युनियनकडे नेऊ शकतो, निपाणीच्या फायरमनचा मालक मात्र बेंगळुरूत बसतो.

गणवेशातल्या माणसाने आवाज चढवला तर काय होतं, हे जून 2016 मध्ये दिसलं. कर्नाटकातल्या पोलिसांनी सामुदायिक रजेची हाक दिली आणि त्यांच्या महासंघाच्या अध्यक्षावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांच्या संघटना-हक्कावर 1966 च्या केंद्रीय कायद्याचं बंधन आहे. बंबवाले पोलीस नव्हेत, पण एकाच गृह खात्यात राहून शेजाऱ्याचा अनुभव कोण विसरेल?

तरीही बंबवाल्यांना काहीच मिळत नाही असं नाही. 1 मार्च 2023 रोजी राज्य सरकारी नौकर संघाने वेतन आयोगासाठी बेमुदत संप पुकारला. त्याच दिवशी सरकारने 17 टक्के अंतरिम वाढ जाहीर केली आणि संप मिटला. सातव्या वेतन आयोगाची 27.5 टक्क्यांची वाढ ऑगस्ट 2024 पासून लागू झाली. झगडले कचेरीतले कारकून आणि शिक्षक. फायरमनच्या पगाराच्या चिठ्ठीतही आकडा वाढला.

अडचण पगारापलीकडची आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, तारांच्या ठिणगीने पेटणारे उसाचे फड, बेळगाव तालुक्यातल्या नावगेचा चिकटपट्टीचा कारखाना (ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या आगीत एक कामगार गेला), या सगळ्यांचा धूर बंबवाल्याच्या छातीत जातो. त्या धुराबद्दल वेतन आयोग विचारत नाही, नौकर संघही सहसा नाही, कारण तो धूर दुसरा कुणी गिळत नाही.

अमेरिकेत 1918 साली स्थापन झालेल्या अग्निशामकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमकं हेच काम हाती घेतलं. तिच्या रेट्याने बऱ्याच राज्यांत कायदे झाले: फायरमनला ठरावीक कर्करोग झाला तर तो नोकरीमुळेच झाला असं आधी धरायचं. नसेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. माझ्या मते कुठल्याही पगारवाढीपेक्षा ही मोठी कमाई. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही अग्निशामकाचं काम मानवाला कर्करोगकारक ठरवलं.

संपाचं हत्यार या पेशात अवघडच. ब्रिटनमध्ये 1977 च्या हिवाळ्यात फायरमन संपावर गेले, तेव्हा लष्कराला जुने हिरवे बंब काढावे लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अग्निशमनाला अत्यावश्यक सेवा मानते आणि तिथे संपबंदी चालवून घेते. पण मग निष्पक्ष लवाद हवा, आणि संघटना करण्याचा हक्क शाबूत हवा, असंही बजावते. भारताने तिचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार स्वीकारलेले नाहीत.

बेळगावात प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. बढती रखडली, बदली अन्यायाची वाटली तर एकट्या जवानाला तिथे जाता येतं. पण फुप्फुसाचा दावा एकट्याने लढवायचा तर वीस वर्षांपूर्वी आपण कुठल्या वखारीत किती वेळ होतो, मुखवटा होता की नव्हता, याचा कागद लागतो. उद्या इथे संघटना झालीच, तर तिने पहिल्याच निवेदनात मागावं ते हे: प्रत्येक आगीनंतर प्रत्येक जवानाच्या नावापुढे धुरात घालवलेली मिनिटं लिहा, आणि ती वही निवृत्तीनंतरही त्याला पाहू द्या.