पुरुषोत्तम करंडक आणि महाविद्यालयांतील नाटकमंडळी

पुण्यातील महाविद्यालयांमध्ये जी नाटकमंडळी आढळते, तिला अभ्यासक्रमात स्थान नसते, स्वतःची जागा क्वचितच असते आणि दर तीन-चार वर्षांनी तिच्यातील सगळे सभासद पदवी घेऊन निघून जातात. तरीही एखाद्या महाविद्यालयाचे नाटक ‘आपल्या पद्धतीचे’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. या सातत्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेकडे जाते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून पुण्यातील नाटकवेड्या विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष विद्यापीठाच्या परीक्षांइतकेच या स्पर्धेच्या तारखांनीही आखले जाते.

स्पर्धा साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात होते. ज्या भरत नाट्य संशोधन मंदिराची ही वास्तू, त्या संस्थेचा उगमही १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या विद्यार्थी मंडळात आहे, हा योगायोग मोठा बोलका म्हटला पाहिजे. प्राथमिक फेरीत ५१ संघ असतात, रोज संध्याकाळी तीन एकांकिका होतात, कोणी कोणत्या दिवशी उतरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते (विद्यार्थी त्याला ‘लॉट्स’ म्हणतात) आणि त्यांतून निवडलेले ९ संघ अंतिम फेरीत जातात. पहिल्या दिवसाचा लॉट लागलेल्या संघाच्या हातून तालमीचे दोन-अडीच आठवडे जातात, म्हणून चिठ्ठी उघडताना होणारा आरडाओरडा निकालाच्या वेळच्या गलक्याहून फारसा कमी नसतो.

या स्पर्धेचा कणा तिच्या एका निग्रहात आहे. परीक्षण लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांचे होते. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत ही अंगे संहितेला पूरक ठरतील इतकीच असावीत, त्यांच्या दिमाखावर बक्षीस मिळू नये, अशी तिची धारणा आहे. यामुळे श्रीमंत आणि गरीब महाविद्यालयांतील अंतर रंगमंचापुरते तरी कमी होते. चार लेव्हल्स (म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे लाकडी चौथरे) आणि दोन ठोकळे एवढ्यावर घर, कचेरी, रेल्वेचा फलाट सारे उभे करावे लागते आणि उरलेले काम नटाच्या आवाजाला व देहबोलीला करावे लागते. सूर्यकांत कुलकर्णी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या फिरोदिया करंडकाचा मार्ग याच्या नेमका उलट आहे, कारण तेथे नृत्य, वादन, चित्र, शिल्प अशा जास्तीत जास्त कला एकाच प्रयोगात गुंफाव्या लागतात. एकच संघ पावसाळ्यात पहिली शिस्त आणि हिवाळा सरताना दुसरी चैन अनुभवतो, आणि हे दुहेरी शिक्षण कोणत्याही नाट्यशाळेला हेवा वाटावा असे आहे.

संघाच्या अंतर्गत व्यवहाराला लेखी घटना नसते. पहिल्या वर्षाच्या मुलाला बहुधा बॅकस्टेजच मिळते: लेव्हल उचलणे, सामानाची यादी सांभाळणे, तालमीला न आलेल्या नटाच्या जागी उभे राहून त्याचे संवाद म्हणणे. अनेकदा याच बदली उभे राहण्यातून पुढच्या वर्षीचा नट सापडतो. पडदा उघडण्यापूर्वी प्रेक्षागृहात ‘आव्वाज कुणाचा’ अशी ललकारी उठते आणि महाविद्यालयाच्या नावाने तिला उत्तर मिळते. मात्र प्रयोग सुरू झाल्यावर तोच प्रेक्षक खोटा सूर लगेच ओळखतो, कारण त्यातील निम्मे स्वतः स्पर्धक असतात. माजी विद्यार्थ्यांचा वावर हा यातील नाजूक भाग होय: त्यांच्याकडून परंपरा हस्तांतरित होते हे खरे, पण तालमीत त्यांचा शब्द अखेरचा ठरू लागला की नाटक मुलांचे राहत नाही.

बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील जब्बार पटेल आणि मोहन आगाशे यांच्यापासून बी.एम.सी.सी.तील निपुण धर्माधिकारी आणि अमेय वाघ यांच्यापर्यंत अनेकांची जडणघडण महाविद्यालयीन एकांकिकांच्या या वातावरणात झाली. पटेल-आगाशे यांच्या पिढीने १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले व पुढील वर्षी थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली. धर्माधिकारी-वाघ यांच्या पिढीतून २००८ मध्ये ‘नाटक कंपनी’ उभी राहिली. मित्रांचा तालमीतला गट पदवीनंतरही न मोडता संस्था बनतो, हा या स्पर्धेचा तिच्या नियमांत कोठेही न लिहिलेला परिणाम आहे.

दुसरीकडे, स्पर्धेतून ‘स्पर्धेची एकांकिका’ नावाचा एक साचाही तयार झाला, ज्यात विषय ज्वलंत, शेवट धक्कादायक आणि मधला भाग घाईचा असतो. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला न देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. महिनोन्‌महिने राबलेल्या मुलांवर हा अन्याय असल्याचे एका बाजूने म्हटले गेले, तर दुसऱ्या बाजूने दर्जाचा आग्रह धरणाऱ्यांनी निर्णयाचे स्वागत केले. करंडक दरवर्षी कोणाला तरी मिळालाच पाहिजे ही अपेक्षा त्या दिवशी मोडली, आणि ज्या स्पर्धेने नेपथ्याचा झगमगाट पहिल्यापासून नाकारला तिच्या स्वभावाशी हे सुसंगतच होते. मात्र नवख्या लेखकाला आपली संहिता नेमकी कोठे उणी पडली हे सविस्तर सांगण्याची जबाबदारी अशा निर्णयाबरोबर परीक्षकांवरही येते.