तंजावरला निघण्यापूर्वी

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या शाळेतील मुलांना एक कोडे पडले आहे. मुख्याध्यापकांची सायकल रोज सकाळी कार्यालयाच्या ओसरीत येऊन उभी राहते आणि तिच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पिशव्यांत विटा भरलेल्या असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. संध्याकाळी त्याच विटा जशाच्या तशा घरी परत जातात. सहावीतल्या एका मुलाने अखेर धीर करून मला विचारले, “सर, आपण घर बांधायला काढले आहे का?”

घर नव्हे, प्रवास बांधायला काढला आहे. चार विटांचे वजन साधारण बारा किलो भरते आणि तेवढेच सामान घेऊन मला येत्या डिसेंबरात इंदूरहून तंजावरला सायकलने जावयाचे आहे. धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली आणि तंजावर असा हा मार्ग आहे. अंतर सुमारे साडेसतराशे किलोमीटर. माझे वय सत्तावन्न.

तंजावरच का, असे पुष्कळांनी विचारले. एम.ए.ला असताना बृहन्महाराष्ट्रातील मराठीचा अभ्यास करताना तंजावरच्या भोसल्यांचे प्रकरण वाचले होते. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली आपल्या कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरविला. तो मराठीत आहे. चोळराजांनी बांधलेल्या, तमिळ शिलालेखांनी भरलेल्या देवळात देवनागरी अक्षरांची ती लांबलचक मराठी भिंत उभी आहे, हे वाचल्यापासून मनात एक हुरहुर लागून राहिली. आपण इंदूरचे मराठी लोक होळकरशाहीच्या आठवणी काढीत बसतो. आपल्यापेक्षा कितीतरी दूर जाऊन राहिलेल्या मराठी माणसांनी दगडावर काय लिहून ठेवले, ते एकदा डोळ्यांनी वाचावे असे वाटते. आगगाडीने दोन-अडीच दिवसांत जाता येते, हे मलाही ठाऊक आहे. पण मधली भूमी वगळून तेथे उतरणे म्हणजे पुस्तकाचे पहिले पान वाचून एकदम शेवटचे उघडण्यासारखे होईल.

येथवर सारे ठीक. पण तयारीविषयी लिहावयाचे तर 1990 सालची हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

त्या वर्षी मी बावीस वर्षांचा होतो. एका जिवलग मित्रासह कन्याकुमारीला सायकलने जाण्याचा बेत केला. तयारी म्हणाल तर उत्साह, एक नकाशा आणि वर्गणीतून जमलेले पैसे. महिना मे! परीक्षा संपल्या होत्या, एवढेच त्या मुहूर्ताचे समर्थन. दोन्ही सायकली साध्या, काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या. तंबू, स्टोव्ह, भांडी, अंथरुणे हे सगळे ओझे मित्राच्या कॅरिअरवर, कारण त्याचे कॅरिअर मजबूत होते. निघण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “अरे, मागच्या ब्रेकची रबरे झिजली आहेत, बदलून घेऊ या.” मी म्हणालो, “धुळ्याला बदलू.”

पहिला मुक्काम खलघाटला नर्मदेकाठी झाला, दुसरा सेंधव्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी बिजासनच्या घाटाचा उतार लागला. मी पुढे होतो. मागून हाक ऐकू आली, ती “थांब” अशी नव्हती, “बाजूला हो” अशी होती. क्षणार्धात तो माझ्या शेजारून गेला आणि वळणावरच्या खडीत पडला. एका मालमोटारवाल्याने आम्हां दोघांना शिरपूरला इस्पितळात पोहोचविले. त्याच्या उजव्या हाताचे कोपर चुरले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण तो हात पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही. माझा मित्र तबला उत्तम वाजवीत असे. तेव्हापासून त्याने तबल्यावर हात ठेवलेला नाही. त्याने मला या गोष्टीवरून एक शब्दही कधी ऐकविला नाही. गेली कित्येक वर्षे मात्र वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलावर रागावताना माझी जीभ मध्येच अडखळते.

म्हणून या खेपेस तयारी आधी आणि तारीख मागून, असा क्रम ठेविला.

पहिला प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात निमाडातून आणि खानदेशातून जाणे हा वेडेपणा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तो डिसेंबराच्या उत्तरार्धात ओसरू लागतो. शिवाय थंडीच्या दिवसांत आपल्या द्वीपकल्पावर वारा बहुधा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे दक्षिणेस जाणाऱ्याच्या पाठीशी किंवा डाव्या खांद्याशी. सायकलस्वाराला चढापेक्षा समोरचा वारा अधिक छळतो. चढ संपतो हे दिसत तरी असते. डिसेंबराचा तिसरा आठवडा त्यामुळे ठरला. चोवीस दिवस, त्यांपैकी वीस दिवस चालवावयाचे आणि चार विसाव्याचे. रोजचे सरासरी पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटर. हिवाळी सुटीला अर्जित रजा जोडावी लागणार आहे. सहामाही परीक्षेचे निकाल हातावेगळे केल्याखेरीज मी हलणार नाही, असे अर्जात लिहून दिले आहे.

दुसरा प्रश्न देहाचा. सौभाग्यवतींनी अट घातली, “अहो, आधी डॉक्टर, मग सायकल.” अट रास्त होती. ट्रेडमिलवर धावून हृदयाची तपासणी करून घेतली, रक्तातील साखर सीमेवर निघाली, रात्रीचा भात सुटला. जून महिन्यापासून सराव सुरू केला. घरापासून शाळा आणि परत असे रोजचे बारा किलोमीटर हा पाया. रविवारी लांबची फेरी, आणि ती दर आठवड्याला साधारण दहाव्या हिश्शाने वाढवावयाची, अधिक नव्हे. तीन आठवडे वाढविल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावयाचा. स्नायू लवकर तयार होतात, गुडघ्याचे बंध मात्र सावकाश. चाळिशी उलटलेल्यांनी हे विसरू नये. पूर्वी मी मोठ्या जोराने, सावकाश पेडल मारीत असे आणि त्याला पौरुष समजत असे. आता हलक्या दाताने मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर फेरे मारतो. गुडघे दुखेनासे झाले.

बैठकीच्या उंचीचे गणित सोपे आहे, तरी दहांपैकी नऊ सायकलींवर ते चुकलेले दिसते. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवावी, पाय पूर्ण सरळ व्हावा. प्रत्यक्ष चालविताना चवडा पेडलवर येतो आणि गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. माझी बैठक दोन बोटे खाली होती. एवढ्या दोन बोटांपायी मी वर्षानुवर्षे मलमे चोळीत होतो.

आता सायकल. कार्बनच्या, बोटावर उचलता येतील अशा सायकली हल्ली इंदुरातही मिळतात आणि माझ्या मुलीने तशी एक घेऊन देण्याची तयारीही दाखविली. मी पोलादी सांगाड्याचीच घेतली. पोलादाला तडा गेला तर कोणत्याही गावचा वेल्डिंगवाला ते सांधून देईल. चाके सातशे मापाची, टायर पस्तीस मिलिमीटर रुंद, मागच्या चाकाला छत्तीस आरे. लांबच्या प्रवासात बहुधा मागच्याच चाकाचे आरे तुटतात आणि तेही चेनच्या बाजूचे. त्या बाजूला दातेरी चक्रांना जागा द्यावी लागते, म्हणून तिकडचे आरे अधिक ताणलेले असतात. तुटतात तेही हबजवळच्या वाकणाशी. तुटलेला आरा बदलावयाचा तर आधी ती चक्रे उतरवावी लागतात आणि त्यासाठी विशिष्ट पाना लागतो. तो पाना नसेल तर पिशवीतले सुटे आरे शोभेचे. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे मी सहा रविवार स्टुलावर बसून हे काम शिकलो. पहिल्या दिवशी माझ्या हातून सरळ झालेले चाक पाहून तो बोलला काही नाही. फक्त त्याने चहा मागविला.

गिअरविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या पिढीला त्याचे उगाच भय वाटते. माझ्या जुन्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते होते. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर हे छान, घाटात मात्र उतरून ढकलणे आले. नव्या सायकलीला पुढचे लहान चक्र अठ्ठावीस दात्यांचे आणि मागचे मोठे चौतीसचे. एका फेऱ्यात जेमतेम पावणेदोन-एक मीटर. वेग मुंगीचा, पण सामानासकट बसून चढता येते.

गंमत अशी की, डर्व्हला मर्फी या आयरिश बाईने अगदी उलट केले होते. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले, तेव्हाच तिने हिंदुस्थानला सायकलने जायचे ठरविले. आजारी आईच्या शुश्रूषेत वर्षे गेली आणि ती निघाली वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जानेवारी 1963 मध्ये, युरोपातील कडाक्याच्या थंडीत. आशियातील रस्त्यांवर नाजूक गिअर टिकणार नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी तिने ते काढूनच टाकले. त्याच वर्षी ती दिल्लीला पोहोचली. गिअर काढण्याचे तिचे धैर्य माझ्या गुडघ्यांत नाही. पण तिची दुसरी एक युक्ती मी बिनदिक्कत उचलली आहे. वाटेतल्या ठिकाणी तिने सुटे टायर आधीच पाठवून ठेविले होते. मीही एक टायर, दोन ट्यूब आणि मूठभर आरे सोलापूरला आतेबहिणीकडे आणि तितकेच सामान बंगळूरला एका माजी विद्यार्थ्याकडे पाठविले आहे. आतेबहिणीचा फोन आला, “दादा, राखीची ओवाळणी म्हणून टायर पाठवलंस होय!”

मुंबईचे सहा पारशी तरुण 15 ऑक्टोबर 1923 रोजी जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे 1928च्या मार्चमध्ये सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर पुरे करून परतले. अलीकडे, 2018 साली, वेदांगी कुलकर्णी या मराठी मुलीने सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा 159 दिवसांत पूर्ण केली. ही नावे घरात वरचेवर निघतात. माझे साडेसतराशे त्यांपुढे किरकोळ आहेत, हे सौभाग्यवतींना पटवून देण्यास त्यांचा फार उपयोग झाला.

सामानाची यादी तीन वेळा केली आणि दर वेळी कात्री लावली. तंबू नाही, स्टोव्ह नाही. मुक्काम धर्मशाळांत, ओळखीच्या घरी किंवा साध्या लॉजवर. दोन जोड कपडे, एक स्वेटर, शिरस्त्राण, पुढे-मागे दिवे, चमकणारी बंडी, औषधे, पंप, पंक्चरची डबी. अंधारात चालवावयाचे नाही, हा नियम. वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि जितके खाली येईल तितके खाली. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागण्याची वाट न पाहता. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे आपले घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण एका पुठ्ठ्यावर लिहून घेतले आहे. थकलेल्या डोक्याला चमचे मोजणेही जड जाते. खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, खजूर आणि पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या.

भाषेची तयारी मजेची झाली. पाण्याला कानडीत नीरु आणि तमिळमध्ये तण्णीर. हवेला कानडीत गाळी, तमिळमध्ये काट्रु. ‘पंक्चर’ हा शब्द मात्र इंदूरपासून तंजावरपर्यंत एकच आहे.

मित्राला हा बेत सांगावयाचे धाडस मला ऑगस्टपर्यंत झाले नव्हते. सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सायकल रविवारी माझ्याकडे आण.” तेव्हापासून दर रविवारी तो डाव्या हाताने चाक फिरवितो, वाकड्या उजव्या हाताने ब्रेकची रबरे दाबून पाहतो आणि एका वहीत काहीतरी टिपून ठेवतो. रबरांचे दोन नवे जोड त्यानेच आणून पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहेत. तो कप्पा मी दुसऱ्या कशासाठी वापरावयाचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे.

गेल्या महिन्यात विटांऐवजी खरे सामान लादून महेश्वरची दोन दिवसांची फेरी केली. महूहून पुढे अहिल्याबाईंच्या काळचा जाम दरवाजा लागतो आणि तेथून घाट निमाडात उतरतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून, वेग वाढण्याआधीच दाबावा आणि मध्येच थांबून रिमवर बोट लावून पाहावे, हे सारे पाठ होते. तरीही दरवाजातून खाली पाहताना हातांना घाम सुटला. तो थंडीचा खास नव्हता. तीनदा थांबलो. एकदा रिम इतकी तापली होती की बोट ठेववेना. झाडाखाली दहा मिनिटे बसलो.

पायथ्याशी मित्र स्कूटर लावून उभा होता. तो तेथे येणार असल्याचे मला त्याने सांगितले नव्हते.

“किती वेळा थांबलास?” त्याने विचारले.

“तीनदा.”

त्याने वही काढून आकडा लिहिला, वाकून मागची रिम चाचपली आणि म्हणाला, “बिजासनला चारदा थांब.”

दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत यावयास मला अडीच तास लागले. रजेचा अर्ज वर गेला आहे, मंजुरी अद्याप यावयाची आहे.