शंभरपट लहान समुद्र

१३९ मीटर लांबीचं जहाज शंभरपट लहान केलं की ते १ मीटर ३९ सेंटीमीटरचं होतं आणि त्याची रुंदी भरते साडेपंधरा सेंटीमीटर. उमरग्यातल्या कुठल्याही घरात, भिंतीकडेच्या टेबलावर मावेल एवढं. उमरगा समुद्रापासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर आत, काळ्या रानात वसलेलं गाव. इथे बसून प्रवासी आगबोटीची हुबेहूब प्रतिकृती करायची झाली, तर ती कोणत्या बोटीची करावी? माझं उत्तर ठाम आहे: ‘लॉयल्टी’. कारण तिच्या गोष्टीत जो माणूस आहे, तो इथून हायवेने शंभरेक किलोमीटरवर असलेल्या सोलापुरात जन्मला.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. तेही समुद्रापासून दूरच. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसोबत एक वापरलेली आगबोट विकत घेतली. १८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो इथे पाण्यात उतरलेली ही बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची. व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग या मार्गावर तिने दोन दशकं उतारू वाहिले. पांढरंशुभ्र अंग, पुढे झेपावलेली निमुळती नाळ, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. १९१४ मध्ये ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली, तिचं रुग्णालय-जहाज झालं आणि नाव पडलं ‘लॉयल्टी’. म्हणूनच वालचंदांच्या कंपनीच्या नावात ‘सिंदिया’ आलं. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. परदेशी जलमार्गांवर ब्रिटिश कंपन्यांची पकड घट्ट असताना भारतीय मालकीची बोट त्या वाटेवर उतरली होती. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्या प्रवासामुळे. बोट मात्र १९२३ मध्ये मोडीत निघाली.

म्हणजे आज तिला हात लावून पाहायचं तर प्रतिकृतीवाचून गत्यंतर नाही. आणि प्रतिकृती करणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न येतो तो फार सुंदर आहे: कोणत्या दिवसाची बोट? १८९१ ची ‘एम्प्रेस’ केली तर रंग पांढरा, धुराडी फिकट पिवळी. १९१९ ची ‘लॉयल्टी’ करायची तर मधल्या २८ वर्षांत काय बदललं, कोणत्या खोल्या वाढल्या, कोणती होडी हलली, हे त्याच काळातल्या फोटोंवरून ताडावं लागतं. सुदैवाने तिच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’, एकाच आराखड्यावर बांधलेल्या. एकीच्या फोटोत न दिसलेला कोपरा दुसरीच्या फोटोत सापडू शकतो. ‘जपान’च्या नाळेवरची लाकडी ड्रॅगनची मूर्ती तर अजून व्हँकुव्हरच्या संग्रहालयात आहे.

आराखडा हातात आला की त्यात जहाजाचे तीन प्रकारचे छेद दिसतात: उभे, आडवे आणि पाण्याच्या पातळीला समांतर. लाकडातून जहाज काढण्याची एक जुनी रीत या तिसऱ्या छेदांवर चालते. प्रत्येक पातळीच्या आकाराची एकेक फळी कापायची, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या त्या एकावर एक चिकटवायच्या आणि मग रंध्याने, पटाशीने, पॉलिश पेपरने पायऱ्या घासत जायचं. फळ्यांच्या पायऱ्या जिथे नेमक्या नाहीशा होतात तिथे जहाजाचा बांधा हाती लागतो. कागदी आराखडे रुळण्याआधी अनेक गोद्यांमध्ये हाच क्रम उलटा होता. कारागीर आधी लाकडात अर्ध्या बाजूचा नमुना घडवायचा, मग त्याची मापं घेऊन खरं जहाज बांधलं जायचं.

आता बारकावे. किती बारीक जायचं? याचं उत्तर आपल्या डोळ्यातच आहे, आणि ते कळल्यापासून मला प्रतिकृतीकडे पाहणं वेगळं वाटतं. शंभरास एक या प्रमाणात टेबलापासून अर्ध्या मीटरवर उभा असलेला माणूस खऱ्या जहाजापासून ५० मीटरवर उभा असतो. अगदी वाकून ३० सेंटीमीटरवर डोळा नेला तरी निरोगी नजरेला साधारण एक दशांश मिलिमीटरहून बारीक वेगळं ओळखू येत नाही. म्हणजे खऱ्या जहाजावरचं सेंटीमीटरभराहून लहान काहीही करण्याची गरज नाही. पण त्याहून मोठं जे आहे ते सगळं हवं! पत्र्यावरच्या रिव्हेटचा तीन सेंटीमीटरचा माथा इथे तीन दशांश मिलिमीटरचा होतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. डेकची १२ सेंटीमीटरची फळी १.२ मिलिमीटरची पट्टी होते. ३० सेंटीमीटरची गोल खिडकी तीन मिलिमीटरची, आणि कठड्याला टेकून उभा असलेला उतारू १७ मिलिमीटरचा.

या कामाला लागणारी हत्यारं उमरग्यासारख्या गावात आधीपासून आहेत. सुताराकडे सागवानाचे तुकडे आणि रंधा. सोनाराकडे भोकांची ती पोलादी पट्टी, जिच्यातून तार ओढत ओढत बारीक करतात. कठड्याचा चार सेंटीमीटरचा पाइप म्हणजे चार दशांश मिलिमीटरची पितळी तार, आणि इतकी बारीक तार तर सोनाराच्या रोजच्या कामातली.

इथपर्यंत सगळं हाताच्या कौशल्याचं. खरी नवलाई बोट पाण्यात सोडल्यावर सुरू होते.

लांबी शंभरपट घटली की पृष्ठभाग दहा हजारपट घटतो आणि आकारमान दहा लाखपट. म्हणून दहा हजार टनांचं जहाज दहा किलोचं होतं. उमरग्याजवळचं मोठं पाणी म्हणजे तेरणेवरचं माकणीचं धरण. ते गोडं पाणी, समुद्रापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं. तेव्हा प्रतिकृती समुद्रातल्या पाणरेषेवरच तरंगायला हवी असेल तर दहाऐवजी पावणेदहा किलोच भरावे लागतील.

आणि वेग? तोही शंभरपट कमी करायचा असं वाटतं, पण नाही. हे कोडं विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने सोडवलं. १८६७ च्या सुमारास त्याने डार्ट नदीत दोन वेगळ्या घडणीच्या नमुन्यांच्या, ‘स्वॅन’ आणि ‘रेव्हन’च्या, तीन, सहा आणि बारा फुटी प्रती ओढून पाहिल्या. त्याला दिसलं की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर लहान आणि मोठी प्रत आपल्याभोवती लाटांची तीच नक्षी उठवते. १८७२ पासून टॉर्कीजवळ, नौदलाच्या पैशातून बांधलेल्या लांब हौदात तो मेणाचे नमुने ओढू लागला. आजही मोठ्या जहाजांची चाचणी याच नियमाने होते.

शंभराचं वर्गमूळ दहा. ‘लॉयल्टी’चा वेग १६ नॉट, म्हणजे तासाला सुमारे ३० किलोमीटर. प्रतिकृतीला फक्त ३ किलोमीटर पुरेत, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतके. १६ नॉटच्या वेगाने खऱ्या जहाजाच्या कडेने ज्या लाटा उठतात त्यांच्या दोन माथ्यांमधलं अंतर गणिताने साधारण ४३ मीटर येतं. माकणीच्या पाण्यात ते ४३ सेंटीमीटर येईल. धातू, इंजिन, माणसं काहीही सारखं नसताना पाण्यावर तीच नक्षी!

मग वाऱ्याचाही हिशेब बदलतो. धरणावर संध्याकाळी सुटणारी २० किलोमीटरची झुळूक या बोटीसाठी २०० किलोमीटरचं चक्रीवादळ आहे. चार सेंटीमीटरची लाट म्हणजे चार मीटरची. उमरग्याला समुद्र नाही, पण त्याचा शंभरपट लहान अवतार माकणीला रोज तयार होतो.

हाच विचार उलट्या दिशेने महाराष्ट्रात रोज कामाला येतो. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याचं मूळ १९१६ चं. तिथे अख्खी बंदरं जमिनीवर लहान करून बांधतात, यंत्राने लाटा उठवतात आणि धक्क्याला बांधलेलं छोटं जहाज किती हेलकावतं, दोरांवर किती ताण येतो ते मोजतात. खरा लाटरोधक बांध घालण्याआधी समुद्राला विचारून घेण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

पण सगळंच लहान होत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात व्हेनिसच्या गोदीतल्या गप्पांनी केली, ती याच कारणाने: मोठं जहाज लहान जहाजाचं नुसतं वाढवलेलं रूप नसतं. वजन दहा लाखपट घटतं पण मजबुती, जी छेदाच्या क्षेत्रावर ठरते, दहा हजारपटच घटते. त्यामुळे टेबलावरची बोट स्वतःच्या वजनाच्या मानाने शंभरपट दणकट असते. खरं जहाज लाटेच्या माथ्यावर आलं की मधोमध वाकतं. प्रतिकृती कधीच वाकणार नाही.

पाण्याचा ताणही लहान होत नाही. पावणेदोन सेंटीमीटरहून आखूड तरंगांवर गुरुत्वापेक्षा पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता अधिक चालते, आणि तो ताण सगळीकडे तोच.

वेळ मात्र वर्गमुळाने आखडतो. खरी बोट १२ सेकंदांत एकदा डावी-उजवी झुलत असेल, तर वजन योग्य ठिकाणी, योग्य उंचीवर ठेवलेली प्रतिकृती १.२ सेकंदांत झुलते. म्हणून खेळण्यातल्या होड्या उगाच घाईत असल्यासारख्या वाटतात. यावर उपाय खिशात आहे. अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपण्याची सोय असते. ती सिनेमाच्या २४ च्या गतीने दाखवली की वेळ नेमका दहापट ताणला जातो. काठाशी बसून, कॅमेरा पाण्यालगत धरून हे चित्रण केलं तर ‘लॉयल्टी’ ३० किलोमीटरच्या वेगाने, बारा-बारा सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी अरबी समुद्रातून निघाल्यासारखी दिसेल. फसवतील ते फक्त नाळेवरून उडालेले थेंब: पाच मिलिमीटरचा एकेक थेंब त्या समुद्रात अर्ध्या मीटरचा दिसेल.